माटोळी, मीठ आणि पातोळी: घर सजवण्यावर बंदी आली होती तेव्हाची गोष्ट

आजचा भाग सुरू करण्याआधी एक साधा प्रश्न. भात लावताना तुम्ही मीठ कधी घालता? कुकर लावतानाच, की शिजल्यावर ताटात?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? ज्याची त्याची सवय. आमच्याकडे आई आधी घालते, मावशीकडे नंतर. कोणाला काय फरक पडतो?

एके काळी पडायचा. आणि चांगलाच पडायचा. आपल्या सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यात १७३६ साली एक फर्मान निघालं. त्यात लिहिलं होतं की भात मिठाशिवाय शिजवायचा आणि मीठ मागाहून चवीनुसार घ्यायचं, ही हिंदूंची पद्धत आहे, ती बंद करा. हो, बरोबर ऐकलंत. भातात मीठ कधी पडतं यावर सरकारी-धार्मिक हुकूम!

सणाला घर सजवणं आणि सोपं, मायेचं काहीतरी रांधणं या गोष्टी आपण फार हलक्यात घेतो. इन्स्टावर रील टाकायचा विषय. पण या दोन गोष्टी इतक्या महत्त्वाच्या होत्या की एका साम्राज्याला त्यांची भीती वाटली. आज तीच गोष्ट सांगणार आहे. आणि शेवटी एक पदार्थ, जो हॉस्टेलवर राहणारा माणूससुद्धा करू शकतो. तर चला.

आधी थोडा नकाशा

१५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कनं गोवा बेट घेतलं, म्हणजे आजचा तिसवाडी तालुका. १५४३ पर्यंत बार्देश आणि सासष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. हा झाला जुना मुलूख, म्हणजे जुन्या काबिजादी. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हा बाकीचा भाग त्यांना मिळाला तो थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. या दोन भागांत सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचं अंतर आहे. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सोळाव्या शतकात जुन्या मुलखातली देवळं पाडली गेली. लोकांनी देव उचलले आणि खाडी ओलांडून पलीकडे नेले. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा ही देवस्थानं आज फोंडा तालुक्यात का दाटीवाटीनं दिसतात, याचं उत्तर हे आहे. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय. त्याचं मुख्य लक्ष्य कोण होतं, माहितीये? बाटून ख्रिस्ती झालेले लोक. नाव बदललं, चर्चमध्ये जायला लागले, पण घरी जुन्या रीती पाळतात का, हे बघायचं त्याचं काम. आणि घरात काय चालतं हे कळणार कसं? शेजाऱ्यानं सांगितलं तर. नोकरानं सांगितलं तर. नातेवाइकानं सांगितलं तर. या यंत्रणेचा सगळा डोलारा चुगलीवर उभा होता.

फर्मानातलं स्वयंपाकघर

आता पुन्हा त्या १७३६ च्या फर्मानाकडे येऊ. अनंत काकबा प्रियोळकर हे मराठीतले मोठे संशोधक. त्यांनी १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि हे फर्मान सर्वसामान्य वाचकांपर्यंत आणलं. त्यातली यादी वाचताना माणूस चक्रावतो. कारण तिच्यात मोठमोठ्या धर्मतत्त्वांपेक्षा घरातल्या वस्तूच जास्त आहेत.

लग्नात पानसुपारी आणि फुलं घरोघरी पाठवायची नाहीत. नवरा-नवरीला तेल, हळद, नारळाचं दूध लावून न्हाऊ घालायचं नाही. लग्नाची गाणी म्हणायची नाहीत. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही. तुळस घरात, परसात, बागेत कुठंही लावायची नाही, असेल ती उपटून टाकायची. आणि ते मीठ.

बघा हं, यात विचार आहे. फर्मान लिहिणाऱ्यांना एक गोष्ट नीट कळली होती. माणसाचा धर्म कागदावर बदलता येतो, पण त्याचं घर बदलत नाही. अंगणात तुळस आहे, दाराला तोरण आहे, चुलीवर तोच भात आहे, तोवर आतला माणूस तोच राहतो. म्हणून त्यांनी अंगण, दार आणि चूल या तीन ठिकाणी पहारा बसवला.

या तिन्ही जागा कोणाच्या हातात होत्या? बायकांच्या. देवळात पुजारी असतो, पण तुळशीला पाणी घालायला पुजारी लागत नाही. त्यामुळे हे फर्मान घरातल्या आजीच्या विरोधात होतं असं म्हटलं तरी चालेल.

मग झालं काय?

इन्क्विझिशन मधली काही वर्षं बंद पडलं, परत सुरू झालं, आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. अडीचशे वर्षांत ते जिंकलं का? बऱ्याच ठिकाणी जिंकलं. चोळ्या गेल्या, नावं गेली, तुळशी गेल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण आज गोव्यातल्या किंवा मंगळूरच्या कॅथलिक घरातल्या लग्नाला जाऊन बघा. लग्नाच्या आधी एक विधी असतो, रोस. नवऱ्याला किंवा नवरीला पाटावर बसवतात आणि नारळाचं दूध लावून न्हाऊ घालतात. म्हणजे ज्यावर बंदी होती तेच! आपल्या हळदीची सख्खी बहीण.

अंगणात बघा. गोव्यातल्या कित्येक जुन्या ख्रिस्ती घरांसमोर चौथऱ्यावर क्रूस असतो. रंगवलेला, फुलं वाहिलेला, संध्याकाळी पणती किंवा मेणबत्ती लावलेला. जागा तुळशीवृंदावनाची, बांधणीही तशीच. फक्त वर तुळशीऐवजी क्रूस.

आणि ऑगस्टमध्ये बघा. गोव्यात ख्रिस्ती गावांत कणसांचं फेस्त होतं. भाताची पहिली कणसं चर्चमध्ये नेतात, आशीर्वाद घेतात. त्याच दिवसांत मागेपुढे हिंदू घरांत नव्याची पूजा होते, कणसं घरात येतात, आंब्याच्या पानांबरोबर दाराला बांधली जातात. शेत एक, कणीस एक. फक्त देव्हारा वेगळा.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो. इन्क्विझिशनचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर लगेच 'त्यांनी आपल्याला छळलं' अशा ढंगाचे मेसेज फिरायला लागतात. पण छळ सोसला कोणी? मुख्यतः आजच्या गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्याच पणज्यांनी. त्याच घरांत ते खटले झाले. त्यांच्याच परसातल्या तुळशी उपटल्या गेल्या. म्हणून हा इतिहास शेजाऱ्यावर उगारायची काठी नाही. तो त्या शेजाऱ्याचाच इतिहास आहे.

छताला टांगलेलं रान

आता येऊ सजावटीवर, म्हणजे आपल्या गणपतीवर.

गोव्यात गणेश चतुर्थीला चवथ म्हणतात. तिथे गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगतात. बांबूची किंवा पोफळीच्या रिपांची, जाळीसारखी. तिला म्हणतात माटोळी. सिंधुदुर्गात हीच माटवी. तुमचं गाव कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडचं असेल तर आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर ती आलीच असेल.

या चौकटीला काय बांधतात? नारळ. सुपारीचं शिपटं, म्हणजे अख्खा घोस. केळीचा घड. तवसं, म्हणजे ती मोठी गावठी काकडी. चिबूड, पडवळ, दोडकी, महाळुंग, तोरंजन, अंबाडे. आंब्याचे टाळ. आणि मग रानातल्या वस्तू: लालभडक कवंडाळ, कांगलांचे पिवळे घोस, हरणाची फुलं, पांढऱ्या पानांची शेरवड, तेरडा, वाघनखासारखी दिसणारी कळलावीची फुलं. बांधायला केवणीच्या सालीचे दोर. खिळा नाही, सेलोटेप नाही.

म्हणजे माटोळी ही त्या आठवड्यातल्या गावाची हजेरी आहे. परसात काय पिकलंय, शेताच्या बांधावर काय आलंय, रानात काय फुललंय, सगळं एका चौकटीत. आणि घरातली पोरं वर बघत बघत शिकतात. हे काय? कवंडाळ. खायचं का? अजिबात नाही. आणि कळलावी? विषारी आहे, हात लावलास तर धुऊन ये. भाजी कोणती, औषध कोणतं, विष कोणतं, याची ही शाळाच.

सजावटीत आणि स्वयंपाकात इथे फारसा फरक नाही. माटोळीला तवसं लटकतंय, तसंच दुसरं विळीवर आहे. वर सुपारी, खाली विड्यात सुपारी. माटोळीतल्या खाण्याजोग्या वस्तू पुढे घरात वापरल्या जातात. सजावट संपली की कचरा किती? वाळलेली पानं आणि थोडे दोर.

आता मघाचं ते अंतर आठवा, जुना मुलूख आणि नवा मुलूख. फोंडा, सत्तरी, डिचोली इकडे पोर्तुगीज आले तोवर अठरावं शतक उजाडलं होतं आणि तिथल्या लोकांना धर्म पाळायची मोकळीक देऊनच ते आले. त्यामुळे तिथे ही माटोळीची रीत थाटात टिकली. जुन्या मुलखाशी नाळ असलेल्या काही घरांत मात्र वेगळंच दिसतं. तिथे मातीची मूर्ती नसते. गणपतीचं कागदी चित्र पूजतात, किंवा नुसती पत्री. का? घरातली मोठी माणसं सांगतात: कागद पटकन गुंडाळून लपवता यायचा. पानाफुलांकडे बघून कोणी म्हणणार नाही की हा देव आहे.

विचार करा. सर्वांत साधी सजावट आणि सर्वांत साधी मूर्ती. आज कोणी आपल्याकडे असं केलं तर आपण म्हणू, 'अरे, यंदा काही केलं नाहीस वाटतं?' पण त्या घरात या साधेपणाची किंमत फार मोठी होती.

शुद्ध परंपरेचा एक छोटा पंक्चर

आता थोडी गंमत. माटोळीत आज अननस हमखास दिसतो. काही ठिकाणी पेरू, सीताफळ. ही सगळी फळं मूळची अमेरिका खंडातली. अननस आपल्याकडे आणला कोणी? पोर्तुगीजांनी! ज्यांच्या राज्यात तुळस उपटली गेली, त्यांच्याच जहाजातून आलेलं फळ लोकांनी निवांतपणे गणपतीच्या डोक्यावर टांगलं.

चवथीला गोव्यात खतखतं करतात. ढीगभर भाज्या, ओलं खोबरं, तूरडाळ आणि तिरफळाचा तो जिभेला झिणझिण्या आणणारा वास. त्यात रताळं असतं, मक्याच्या कणसाचे तुकडे असतात, सुक्या लाल मिरच्या असतात. तिन्ही अमेरिकेतून आलेली पाहुणी मंडळी. आपल्याकडची ऋषीपंचमीची भाजी घ्या. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, ऋषींनी खाल्लं तसंच खायचं, असा नियम. आणि भाजीत काय? लाल भोपळा आणि मका. कोणत्याही वैदिक ऋषीनं मक्याचं कणीस पाहिलेलं असणं शक्य नाही. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचला, त्यानंतरच ते पीक जगभर फिरलं.

मग ही भाजी खोटी ठरते का? मुळीच नाही. नियम जुना आहे, भाज्या नव्या आहेत. जे परसात सहज येतं ते घ्या, एका भांड्यात शिजवा, हा तो नियम. मका परसात यायला लागला, तर तो भांड्यात गेला. परंपरा अशीच टिकते.

थर्माकोलचं काय झालं

आता मुंबई-पुण्याकडे. आपल्याकडे मखर म्हणजे आधी कापड, पताका, घोटीव कागद, जिलेटीन, चमकी. मग थर्माकोल आला. हे मुळात एक व्यापारी नाव, ते आपण वस्तूलाच चिकटवलं. हलका, स्वस्त, कापायला सोपा, आणि जवळजवळ सगळी हवाच. एका रात्रीत राजवाडा तयार. पण विसर्जनानंतर तो राजवाडा ना कुजतो ना विरघळतो.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली, २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. त्या वर्षी गणपती १३ सप्टेंबरला होते. मखरं बनवणाऱ्यांचा माल तयार होता, ते कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये सवलत द्यायला नकार दिला. त्या कारागिरांचं नुकसान खरं होतं, ते हसण्यावारी नेऊ नये.

तरी एक तुलना मनात येतेच. इकडेही सजावटीवर बंदी, तिकडेही. तुळस अडीचशे वर्षं उपटली तरी तिची जागा कोणी विसरलं नाही. थर्माकोलच्या जागी मात्र दोन-तीन वर्षांत पुठ्ठा, बांबू, कापड आलं आणि बहुतेकांच्या घरात कोणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. एक वस्तू घरात रुजलेली होती, दुसरी नुसती ठेवलेली होती.

माटोळीवर मात्र आज वेगळंच संकट आहे. तिच्यावर बंदी कोणीच घातलेली नाही. उलट गोवा सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेतं. चवथीच्या आधी फोंडा, म्हापसा, मडगाव, पणजीत माटोळीचा बाजार भरतो, सत्तरीसारख्या भागातून बायका रानातल्या वस्तू घेऊन येतात. पण बाजारात विकत घेणाऱ्याला नाव माहीत नसतं. 'ते लाल द्या, ते पिवळं द्या.' रान कमी होतंय, आणि नाव त्याहून आधी जातंय. जे इन्क्विझिशनला जमलं नाही ते आपल्या विसराळूपणाला जमू शकतं.

आता पातोळी

कबूल केल्याप्रमाणे पदार्थ. मोदकाची एक सोपी बहीण आहे, पातोळी. कळ्या पाडायची कटकट नाही. गोव्यात हिंदू घरांत ती नागपंचमीला आणि चवथीच्या दिवसांत होते. आणि कॅथलिक घरांत १५ ऑगस्टला, मेरी मातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला. तोच तांदूळ, तोच गूळ, तेच हळदीचं पान. कारण श्रावण-भाद्रपदात परसात हळदीची पानं हातभर झालेली असतात, मग देव कोणताही असो.

घ्या: एक वाटी तांदळाचं पीठ, एक वाटी ओलं खोबरं, अर्धी-पाऊण वाटी गूळ, थोडी वेलची, आणि आठ-दहा हळदीची पानं. भाद्रपदात भाजीबाजारात मिळतात. नाहीच मिळाली तर केळीचं पान, पण तो वास येणार नाही.

पिठात चिमूटभर मीठ घाला. (आधीच घाला!) पाणी घालून डोशापेक्षा घट्ट, बोटांनी पसरेल असं भिजवा. खोबरं आणि गूळ हातानं कालवा, शिजवायची गरज नाही. पान धुऊन पुसा, त्यावर पीठ पातळ थापा, मधोमध सारण, पान उभं मिटा. चाळणीत किंवा इडलीच्या भांड्यात पंधरा मिनिटं वाफवा. वाफ जिरली की पान सोला. पानाच्या शिरांची नक्षी पातोळीवर उमटलेली दिसेल. वरून तूप.

आणि सजावट? भाड्याची खोली असेल, घरमालक भिंतीला खिळा मारू देत नसेल, तर खिडकीच्या गजाला एक आडवी काठी सुतळीनं बांधा. तिला आंब्याची डहाळी, एक नारळ, दोन सुपाऱ्या, बाजारात त्या आठवड्यात जे ताजं दिसेल ते. फक्त एक अट. जे बांधाल त्याचं नाव विकणाऱ्या मावशींना विचारून घ्या, तुमच्याकडच्या भाषेत काय म्हणतात तेही विचारा. आणि खोलीवर आल्यावर ते कोणाला तरी सांगा.

तुमच्या गावाकडे माटवीला, मखराला काय काय बांधतात, त्या वस्तूंची नावं आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. उच्चार ऐकायचाय, म्हणून लिहून नको, बोलून पाठवा. आलेली नावं पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू.

भेटू मग. तोवर, भातात मीठ तुम्हाला हवं तेव्हा घाला!